थडग्यावरची सवत

बॉस्टनच्या वाटेवरच्या आमच्या गावात थडग्यांचे दगड माझाच नवरा कोरतो. खाली नाव, वय आणि माथ्यावर पंखवाला देवदूत. रविवारी चर्च सुटल्यावर शेजारणीनं मला एका नव्या दगडापाशी थांबवलं. "देवदूत ओळखलास का गं? तुझ्या नवऱ्याची पहिली बायको, केझाया. ओठ मिटलेत म्हणून, नाहीतर समोरच्या दातांतली फटसुद्धा दिसली असती." मी एकेक दगड बघत गेले. चर्चचा म्हातारा डीकन असो की तान्हं बाळ, सगळ्यांच्या डोक्यावर माझी सवत बसलेली. घरी येऊन मी बजावलं, "अहो, यापुढे देवदूत बंद. तुमचे आजोबा पंखवाल्या कवट्या कोरायचे, तशाच कोरा." "बरं," एवढंच म्हणून त्यानं छिन्नी उचलली. कवटीला कुठला आलाय चेहरा, म्हणून मी निर्धास्त झाले. काल पहिली कवटी पाहिली, दात विचकून हसणारी. समोरच्या दातांत त्यानं फट ठेवलीय.