पहिला नकार

“हॉस्टेल बंद होतंय ना? मग सुट्टीभर आमच्याकडे राहायला ये,” कॉलेजच्या लायब्ररीतल्या डोरिसबाई म्हणाल्या.

“नको हो, तुम्हाला उगाच त्रास,” कुरुंदवाडची शाल्मली म्हणाली आणि आग्रहाची वाट पाहू लागली. तिच्याकडे पहिला नकार कुणी हिशेबात धरत नसे. अमेरिकेतल्या या चिमुकल्या कॉलेजगावात मात्र पहिला शब्दच शेवटचा. “बरं, जशी तुझी मर्जी,” म्हणून बाई खुशाल निघून गेल्या.

नाताळ आला. पोरं घरोघर पांगली आणि गावच मिटलं. पिझ्झावाल्यानंसुद्धा दुकान बंद केलं. हॉस्टेलला टाळं लागलं त्या दुपारी शाल्मली बर्फातून बॅग ओढत डोरिसबाईंच्या दारात उभी राहिली.

“मला परत एकदा विचाराल का?”

बाई चक्रावल्या, पण त्यांनी विचारलं, “राहतेस आमच्याकडे?”

“नको हो, उगाच तुम्हाला...” सवयीनं तोंडातून निघून गेलं आणि शाल्मलीनं जीभ चावली.

“म्हणजे नकोच?” बाई पुरत्या गोंधळल्या.

एवढ्यात मागून त्यांचे यजमान आले आणि बॅग उचलून आत घेऊन गेले. जाता जाता बायकोला म्हणाले, “अगं, पोरीच्या तोंडाकडे काय बघतेस? बॅगेकडे बघ!”