डाव्या कोपऱ्यातली द्वारका

नाटक कंपनीच्या मागच्या पडद्यावर अंबू द्वारका रंगवायला बसली. कृष्णाची द्वारका कुणी पाहिली होती? म्हणून महाल, वेशी, रस्ते सगळं तिने मनानेच उभं केलं.

“मधल्या खुर्चीतून नगरी झकास दिसली पाहिजे,” मालकांनी बजावलं. “तिथे महाराज बसतात.”

अंबू लहानपणापासून बायकांसाठी राखलेल्या डाव्या कोपऱ्यातून नाटकं बघत आली होती. तिथून पडद्यावरची प्रत्येक नगरी कललेलीच दिसायची. या वेळी तिने त्याच कोपऱ्यात उभं राहून नजर लावली, त्या नजरेने रस्त्यांच्या रेषा आखल्या आणि पडदा रंगवून टाकला.

प्रयोगाला महाराजांच्या कपाळावर आठी उमटली. “द्वारका कलंडली की काय?”

मालक हात जोडून धावले. “उद्याच पडदा बदलतो, सरकार.”

“पडदा बदलणार नाही,” कोपऱ्यातून अंबू उठून म्हणाली. “इथून नगरी अगदी सरळ आहे. सरकारांनी खुर्ची हलवावी.”

महाराज तडक निघून गेले. मालकांनी अंबूला दाराकडे बोट दाखवलं. ती जागची हलली नाही. तेवढ्यात मागच्या म्हातारीने तिचा पदर ओढला. “खाली बस गं पोरी, मला द्वारका बघू दे.”