डबल बेल

“तुझी आई त्या दिवशी माझ्याच गाडीत चढली,” बाबा म्हणाले, आणि मुलगा खाटेच्या आणखी जवळ सरकला.

हॉस्पिटलच्या खाटेवर बाबा उशांना टेकून पडले होते. दोन शब्द बोलले तरी धाप लागत होती. कोणाला बोलवायचं असेल तर आता बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सकाळीच मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बोलवणार कोणाला? एकमेकांना हे दोघंच होते. आई गेली तेव्हा मुलाला धड बोलताही येत नव्हतं. तिचा फोटो होता, तिची शाल होती, पण तिच्या तोंडचं एकही वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

ते बाबांकडे होतं. जन्मभर बस चालवलेल्या या माणसाने बायकोविषयी कधी चकार शब्द काढला नव्हता. म्हातारपणी मात्र त्यांना अधूनमधून बोलावंसं वाटू लागलं, तेही नेमकं मुलाच्या विश्रांतीच्या पाच मिनिटांत. त्यांच्या वाट्याला तेवढीच मिनिटं येत होती.

मुलगा घरी बसून औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करायचा. कामाचा ढीग काही केल्या उपसेना, तेव्हा कुठलंसं व्याख्यान ऐकून त्याने स्वयंपाकघरातला लाल टायमर टेबलावर आणून ठेवला. पंचवीस मिनिटं मान मोडून काम, मग पाच मिनिटं मोकळी. पद्धत लागू पडली. कामं वेळेवर जाऊ लागली, त्यामुळे नवी जास्तच येऊ लागली. बाबांनी टायमरचं नाव मालकीणबाई ठेवलं. मालकीणबाईंनी सुट्टी दिली की स्वारी चहाचे दोन कप घेऊन दारात हजर.

आईची ती गोष्ट त्यांनी अशी कितीदा तरी सुरू केली होती. बाळाला शेजारणीकडे ठेवून आई एकटीच हॉस्पिटलात भरती व्हायला निघाली होती. बाबांना रजा मिळाली नव्हती. ती त्यांच्याच बसमध्ये चढली, त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसली आणि उतरताना बाळाबद्दल काहीतरी सांगून गेली. ती परत आलीच नाही. दरवेळी गोष्ट या उतरण्यापाशी यायची आणि टायमर वाजायचा. वाजला की बाबा अर्ध्या शब्दावर थांबत आणि कप उचलून निघत. मुलगा म्हणे, नंतर ऐकतो. जेवताना कधी त्याने विषय काढलाच, तर बाबा मान हलवत. असं सांग म्हटल्यावर सांगता येत नाही रे, म्हणत, आपसूक आलं तर येतं.

“आमच्यात सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला,” एकदा ते हसत म्हणाले होते. “तुझ्या मालकीणबाईला नुसतं थांबवता येतं.”

मुलगाही हसला होता आणि हसता हसताच त्याने टायमरला पुन्हा पीळ दिला होता.

आज टायमर घरी होता. फोन बंद होता. हातातली सगळी कामं त्याने परत करून टाकली होती, आणि भेटीची वेळ संपल्यावरही त्याला थांबू द्यायचं सिस्टरने कबूल केलं होतं. त्याला कसली म्हणजे कसलीच घाई नव्हती. आणि बाबांना आज ते आपसूक आलं होतं.

“मागे बसून राहिली. वाटभर बोलली नाही.” बाबा थांबले, दम घेतला. “तिचा स्टॉप आला. उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, आपलं बाळ ना...”

बाहेर व्हरांड्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. एकच टोला.

बाबा थांबले. मुलाच्या हातावर त्यांनी हलकेच थोपटलं.

“जा राजा, कामाला लाग,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. कधीच नसायची.

“काम नाहीये बाबा, काहीच काम नाहीये,” मुलगा म्हणाला. त्याने त्यांचा खांदा हलवला, हाका मारल्या, हात जोडले. घरी टेबलापाशी ते असेच गप्प होऊन निघून जायचे, आणि त्याने एकदाही मागून हाक मारली नव्हती. आता त्याला रडू आवरेना.

मग त्याला काहीतरी आठवलं. शेजारच्या कपातला चमचा उचलून त्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवला. टिंग टिंग.

चादरीखाली बाबांचा उजवा पाय हळूच दाबला गेला, गाडी सुटताना ॲक्सिलरेटरवर दाबायचे तसा. ओठ मात्र उघडले नाहीत.