एकोणीसशे सालचा फेब्रुवारी

“तूही घाल ती ओळ. नंतर बोलू,” अक्षया सानिकाच्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाली.

सानिकाने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. “नाही, मॅडम.”

रत्नागिरीतल्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाची जावा प्रोग्रामिंगची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. प्रश्न सोपा होता. साल दिलं की ते लीप आहे की नाही हे सांगणारी मेथड, म्हणजे प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा वापरता येणारा तुकडा, लिहा आणि दिलेल्या चार सालांवर चालवून दाखवा. खाली अपेक्षित उत्तरंही छापली होती. त्यातलं एक चुकलेलं होतं. १९०० पुढे ‘लीप’ असं छापलं होतं. चाराने भाग गेला की साल लीप, हे खरं. पण शतकाच्या सालाला चारशेने भाग जावा लागतो. १९०० ला तो जात नाही.

अक्षया वर्षभर हेच शिकवत आली होती. मेथड एकदाच लिहा, पण अशी लिहा की कुणीही, कुठूनही वापरली तरी खरंच सांगेल. आणि तपासायला मुद्दाम असं साल द्या जिथे ती फसू शकेल. पण बाहेरून आलेले परीक्षक गुरुप्रसाद सर सुरुवातीलाच म्हणाले होते, “छापील उत्तराशी जुळलं तरच मार्क.” अक्षया बाकाबाकाशी वाकत गेली आणि अर्ध्या तासात वर्गातल्या प्रत्येक मेथडमध्ये एक जादा ओळ आली : साल १९०० असेल तर लीप म्हण.

फक्त सानिकाच्या मेथडमध्ये ती नव्हती.

सानिका नाटे गावची. वडील मच्छीमार. मागच्या खेपेस ती याच विषयात राहिली होती. “आता राहिली तर कॉलेज बंद,” असं त्यांनी अक्षयासमोरच बजावलं होतं. अक्षयाला ते आठवत होतं. आपली नेमणूक तासिकेवरची आहे, निकाल घसरला तर जूनमध्ये कुणी बोलावणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

“अगो, वर्ष जाईल तुझं.”

“जाऊ दे. मेथड एक जण लिहितो नि दहा जण वापरतात, असं तुम्हीच सांगितलंत ना? मग त्या दहा जणांना काय सांगू? परीक्षा होती म्हणून खोटं लिहिलं?”

अक्षयाचे कान तापले.

तेवढ्यात गुरुप्रसाद सर येऊन उभे राहिले. त्यांनी स्क्रीन पाहिली, हातातला पेपर पाहिला. “एक उत्तर जुळत नाही. शून्य.”

सानिका उभी राहिली. “सर, १९०० सालच्या फेब्रुवारीत एकोणतीस तारीख नव्हतीच. पेपरात ‘लीप’ छापलं म्हणून ती आता उगवायची नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला. “वरून आलेला पेपर खोटा आणि तू तेवढी खरी? मग बाकी सगळ्यांची उत्तरं कशी जुळतात?”

त्यांनी सानिकाच्या नावापुढे शून्य टाकलं, खाली सही ठोकली आणि कागद अक्षयापुढे सरकवला. “करा सही, मॅडम. दोन्ही परीक्षकांच्या सह्या लागतात. एक मुलगी सोडली तर सगळे पास. तुमचा निकाल झकास आहे.”

अक्षयाने पेन हातात घेतलं. सगळी मुलं खाली माना घालून बसली होती. वर पाहत होती ती एकटी सानिका. डोळ्यांत पाणी नव्हतं, ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. अक्षयाने ती नजर सहन करायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तिने पेनला टोपण लावलं आणि कागद सरांकडे परत सरकवला.

“मी सही करणार नाही, सर.”

“म्हणजे? पुढच्या वर्षी इथे शिकवायचंय ना तुम्हाला?”

“शिकवायचंय. म्हणूनच.”

मग ती वर्गाकडे वळली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू गेला.

“मुलांनो, मघाशी मी तुमच्याकडे येऊन जी ओळ घालायला लावली, ती काढून टाका. सगळ्यांनी.”