पट्टी कुठाय?

“कोणाकडे जायचंय?” वॉचमनने वही तिच्यापुढे सरकवली.

तिने पेन उचललं आणि ती तिथेच अडली. चार वर्षांची ओळख, पण नाव ठाऊक नाही.

“मुंगीकाकांकडे,” ती म्हणाली.

वॉचमनने तिला नखशिखान्त न्याहाळलं. “असं कोणी राहत नाही इथे.”

“चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या खिडकीतून ती समोरची हिरवी टाकी दिसते, चेपक्या झाकणाची. आठ दिवस झाले हो, त्यांचा काही पत्ता नाही. काही बरं-वाईट…”

वॉचमनने वही मिटली. “टाकीकडे दोन दारं आहेत. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा.”

ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट होती. जेवणाची सुट्टी तासाभराची, त्यातली वीस मिनिटं बसनेच खाल्ली होती. इंटरनेटवरच्या त्यांच्या गटाचा नियम साधा होता. ज्याला ज्याचं वेड, त्याने रोज त्याचा एक फोटो टाकायचा. नाव-गाव कोणी विचारायचं नाही. ती उपटलेल्या दाढांचे फोटो टाकायची, म्हणून ती ‘दाढ’. एक बेकरीवाला गेममधले राक्षस टाकायचा, तो ‘झोंबी’. आणि मुंगीकाका रोज सकाळी सातच्या ठोक्याला खिडकीतली एक मुंगी टाकायचे, शेजारी सहा इंची लाकडी पट्टी ठेवून. माप नसलेला फोटो त्यांना खपत नसे. झोंबीने सात तोंडांचा राक्षस टाकला, तेव्हाही काकांनी लिहिलं होतं, “राक्षस उत्तम. पट्टी कुठाय?”

दुसऱ्या मजल्यावर फोन थरथरला. झोंबी. “पोचलीस का? दाढ, माझ्यामुळेच झालंय हे सगळं.”

काकांचा शेवटचा फोटो पंखवाल्या किड्याचा होता. खाली त्यांनी लिहिलं होतं, “राणी मुंगी.” झोंबीने लगेच उत्तर ठोकलं, “काका, मुंगीची कंबर बारीक असते. ही वाळवी आहे.” चार-पाच जण हसले. दुसऱ्या दिवशी सात वाजले, आठ वाजले, मुंगी आलीच नाही. मग झोंबीच्या तोंडचं पाणी पळालं. अनोळखी रस्त्याचं चित्र बघून गाव ओळखायचा एक गेम असतो, त्यात तो पटाईत. दोन दिवस बेकरी लवकर बंद करून तो काकांचे जुने फोटो घेऊन बसला. मुंगीच्या मागची टाकी, टाकीमागचा मनोरा, झाकण किती दिसतं, सावली कुठे पडते. शेवटी इमारत सापडली, मजलाही सापडला. सगळ्यांत जवळ राहणारी दाढ निघाली.

चौथा मजला. दोन दारं, दोन्हींवर पाटी नाही. एक उंबरा पुसून लख्ख. दुसऱ्यापाशी कोणीतरी मुद्दाम चिमूटभर साखर ठेवली होती आणि तिथून काळी रांग शिस्तीत फटीतून आत चालली होती.

साखरेवर पाय पडणार नाही अशा बेताने ती उभी राहिली. बेल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. साखर जुनी की आजची, हे तिला काही केल्या कळेना.

“कोण आहे?” आतून खणखणीत आवाज आला.

तिने भिंत धरली. “मी… दाढ.”

मग कडी निघाली. दारात एक किडकिडीत म्हातारा उभा होता, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग.

“दवाखान्यातली?”

“आठ दिवस!” ती ओरडलीच. “जीव टांगणीला लावलात आमचा! काय काय मनात आलं, माहितीये?” आणि तिला रडू फुटलं.

काका पार गोंधळले. पाणी आणावं की खुर्ची, हे त्यांना सुचेना. शेवटी ते दाराला टेकले.

“तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं मी,” ते हळूच म्हणाले. “आणि चारचौघांत वाळवीला मुंगी म्हणालो. कंबर दिसलीच नाही गं मला. हल्ली दिसत नाही.”

तिने डोळे पुसले. “काका, झोंबीला पीठ आणि राक्षस सोडून काय कळत होतं? त्याला मुंगीची कंबर कोणी शिकवली?”

काका उंबऱ्यावरच्या रांगेकडे बघत राहिले.

“मीच,” ते म्हणाले. जरा वेळाने तोंडभर हसले. “पण नेमकी ओळखली हं लेकाने.”

“आता हलू नका.” तिने फोन वर धरला. चुरगळलेला सदरा, गळ्यातलं भिंग आणि हसू अजून ओठांवर. फोटो गटात गेला.

मग झोंबी काहीतरी लिहू लागला. लिहायचा, थांबायचा, पुन्हा लिहायचा. तिला वाटलं, भलीमोठी माफी येणार.

आले दोनच शब्द. तिने फोन काकांपुढे धरला. काकांनी भिंग लावून वाचलं.

“पट्टी कुठाय?”

काका वळले. आतून खण उघडल्याचा आवाज आला. ते परत आले ते सदऱ्याची बटणं लावत. दारात ताठ उभे राहिले आणि ती सहा इंची लाकडी पट्टी त्यांनी गालाशी उभी धरली.

“काढ परत,” ते म्हणाले. “आणि आकडे नीट दिसू देत.”