सरांचं शिफारसपत्र

प्रयोगशाळेत चार वर्षं काढल्यावर तिने रसायनशास्त्र सोडलं आणि ती इतिहासाकडे वळली. कापड रंगवण्याच्या कारखान्यात राबलेल्या बायकांवर तिला पीएच.डी. करायची होती, तिच्या आईची नखं शेवटपर्यंत निळीच राहिली होती. शिष्यवृत्ती मिळाली तरच हे जमणार होतं, आणि वयाच्या अटीमुळे अर्ज करायचं हे शेवटचं वर्ष होतं. शिफारसपत्र मागायला ती बिचकतच जुन्या सरांकडे गेली. सोडून गेल्याचा राग त्यांच्या मनात असेल, असं तिला वाटलं होतं. त्यांनी हसत हसत दोन पानं लिहिली आणि पाकीट चिकटवून हातात दिलं.

मुलाखतीत अध्यक्षबाईंनी ते पत्र मोठ्याने वाचलं. "'असा हात मी वीस वर्षांत पाहिला नाही. ही मुलगी प्रयोगशाळेसाठीच जन्माला आली आहे.' अहो, मग इकडे कुठे वाट चुकलात? तुम्हाला आम्ही पळवलं, तर हे सर आम्हाला जन्मभर शिव्या देतील!"

समितीतले सगळे हसले. तासाभराने दारावर यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

जिना उतरतानाच सरांचा फोन आला. "काय गं, झालं का काम?"

"नाही, सर."

"अरेरे! जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. उद्या दहाला प्रयोगशाळेत ये.



तुझा ॲप्रन मी कालच धुऊन आणलाय."