बॅटरीघरातून फोन

"मुख्य लाइन तोडली, तरी अख्खं गाव बॅटरीवर चालेल. दिवा लुकलुकणारसुद्धा नाही," असं इंजिनीअरबाई वर्षभर सांगत होत्या. कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर त्यांनी गावाची सगळी वीज मांडून पाहिली होती.

मोठे साहेब हसायचे. "फुकटच्या गणितावर भरवसा ठेवू? अंधार झाला, तर तोंड कुठे लपवायचं?"

शेवटी एका संध्याकाळी चाचणी ठरली. गावाला बॅटरी जोडणारी कळ दाबायला बाईंचे दीर बॅटरीघरात उभे होते. ते तिथलेच वायरमन. इकडे कंट्रोल रूममध्ये सगळ्यांनी श्वास रोखले होते.

ठरल्या क्षणी बाईंनी मुख्य लाइन तोडली.

छताचा पंखा फिरतच राहिला. खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या झगमगत राहिल्या. पडद्यावरची खऱ्या विजेची रेघ सॉफ्टवेअरने आखलेल्या रेघेवर तंतोतंत बसली आणि एकच जल्लोष झाला. साहेबांनी स्वतः येऊन हात जोडले. "जिंकलात, बाई! मानलं तुम्हाला!" बाईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, तुम्ही लाइन तोडली नाहीत ते बरं झालं," दीर धापा टाकत म्हणाले. "इथली कळच अडकली होती. बॅटरी अजून जोडलेलीच नाही."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मुख्य लाइनचा आकडा शून्य होता. पंखा गरगरत होता. टाळ्या थांबत नव्हत्या.

"आता मोकळी झालीय. दाबू?"

"नको, भाऊजी," बाई पुटपुटल्या. "हातसुद्धा लावू नका."